सरकारी टीबी सेवा : गोळी तीच, खिडक्या दोन

हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही आणि मिक्सरचाही नाही. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या टीबीच्या उपचाराचा आहे. आमच्या घरातल्या दोघांनी तो शेवटपर्यंत घेतला. थोरल्या दिरांचा मुलगा, त्याला नुसता टीबी. आणि माझी नणंद, त्यांना टीबीबरोबर एचआयव्हीही निघाला. दोघांच्या टीबीच्या बहुतेक गोळ्या माझ्या किराणा दुकानातून, माझ्या डोळ्यांसमोर पोटात गेल्या. कार्डावर ‘ट्रीटमेंट सपोर्टर’ म्हणून माझं नाव आहे, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब माझ्याजवळ आहे. वन्सना विचारूनच लिहितेय. “वहिनी, लिहा तुम्ही, फक्त गावाचं नाव टाकू नका,” म्हणाल्या. म्हणून बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या कडेचं, ऊसतोडीला जाणारं एक गाव, एवढंच.

आधी पुतण्याचं सांगते, ते सोपं आहे.

२०२३ च्या दसऱ्यानंतर तो बायकोला घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर तोडीला गेला. खोकला इथूनच सोबत नेला होता. फडातली धूळ, कोपीतला चुलीचा धूर, गालात तंबाखू. तिथं खोकल्याकडं कोण बघतंय? डिसेंबरात बेडक्यात रक्त दिसलं तेव्हा मुकादमानं त्याला एसटीत बसवून दिलं. इथं आरोग्य केंद्रात थुंकीच्या दोन डब्या घेतल्या, एक तिथल्या तिथं आणि दुसरी पहाटेची. त्या सीबीनॅट मशीनवर गेल्या. ही मशीन दोनेक तासांत दोन गोष्टी सांगते : टीबीचा जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. जंतू होता, औषध चालणार होतं. त्याच दिवशी बोटातून रक्त काढून एचआयव्ही आणि साखर तपासली. टीबीच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी करायची असते. दोन्ही नाही निघालं. या सगळ्याला एक रुपया पडला नाही. आधी बाहेरच्या डॉक्टरकडं खोकल्याच्या बाटल्यांना किती गेले ते मी त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

मालाबद्दल बोलायचं तर दुकानदार म्हणून मला पॅकिंग आवडलं. चार औषधं एकाच गोळीत : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल. पहिले दोन महिने ही चारी, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. पट्टीत अठ्ठावीस गोळ्या. रोज किती घ्यायच्या ते वजनावर : ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. पुतण्या ४६ वर होता. पुढं ५२ झाला तेव्हा गोळी वाढली. त्याला वाटलं आजार वाढला म्हणून डोस वाढवला. काट्यावर उभं करून समजवावं लागलं.

मोटारसायकलवरून येणारे टीबीचे सुपरवायझर पहिल्याच दिवशी म्हणाले, “लघवी केशरी होईल, घाबरू नको, ते औषधाचा रंग आहे. पण डोळ्याला धूसर दिसाय लागलं किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी यायचं.” एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं तर किती लोक उपचार सोडणार नाहीत, असं माझं मत आहे. आमच्या सासऱ्यांनाही टीबी झाला होता, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या काळात गोळ्या आठवड्यातून तीनदा, दवाखान्यात जाऊन, तिथल्या माणसांसमोर घ्यायच्या. दिवसाचा रोजगार बुडायचा तो वेगळाच. २०१७ पासून देशभर रोजची गोळी आली, घरी देता येऊ लागली, आणि माझ्यासारखीला कार्डावर नाव मिळालं.

फेब्रुवारीत दीर म्हणाले, उचल फिटायची आहे, पोराला परत पाठवतो. मी भांडले. सुपरवायझरही म्हणाले, अजून थांबा. पण मुकादमाच्या पैशापुढं आमचं कोण ऐकतं? गेला. इथं सेवेला मी पैकीच्या पैकी मार्क देते. निक्षय नावाच्या संगणकातल्या नोंदीवर त्याचा नंबर होता, त्या नंबरावर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातून त्याला पट्ट्या मिळाल्या. सासऱ्यांच्या वेळी जिल्हा बदलला की माणूस रजिस्टरातून गायब व्हायचा. बीडमधून दर वर्षी लाखांनी माणसं तोडीला जातात, त्यांच्यासाठी या एका सोयीची किंमत फार मोठी आहे. फक्त ती सोय आहे हे पेशंटला सांगावं लागतं. जाताना कागदावर नंबर लिहून दे म्हणून मीच मागे लागले.

मार्क कापते ते मार्च-एप्रिल २०२४ चे. तेव्हा देशात बऱ्याच ठिकाणी पुढच्या टप्प्याच्या गोळ्यांची चणचण होती. त्याला ज्या केंद्रातून मिळत होत्या (नाव लिहीत नाही) तिथं महिन्याच्या जागी आठवड्याच्या गोळ्या हातावर ठेवायला लागले, मग चार दिवसांच्या, मग “मेडिकलवर बघा.” मेडिकलवर हेच मिश्रण नाही, सुटी औषधं आहेत, डोस जुळवायला परत डॉक्टर. माझ्या दुकानात साखर संपली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. या गोळ्या मध्येच थांबल्या तर उरलेले जंतू औषधाला पुरून उरायला शिकतात, आणि मग सहा महिन्यांचं काम आणखी लांबतं, जास्त त्रासाच्या गोळ्यांवर जातं. साठा संपत आलाय हे केंद्राला आठ दिवस आधी दिसत नसेल का? मला माझ्या गोडाऊनमधलं दिसतं.

तरी पुतण्या पूर्ण बरा झाला. शेवटची थुंकी कोरी आली, कार्डावर ‘बरा’ असा निकाल पडला. चढावर अजून धाप लागते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना थांबावं लागतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात जी जखम झाली तिची खूण राहते. निकालाच्या रकान्यात ती मावत नाही.

आता वन्स.

त्यांचे यजमान वारले आणि त्या माहेरी, म्हणजे आमच्याकडं आल्या. २०२४ च्या पावसाळ्यापासून संध्याकाळचा ताप. खोकला म्हणावा तर नावाला. वजन उतरत उतरत ३३ किलो. एका खाजगी डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाईन लावली, दुसऱ्यानं अशक्तपणा म्हणून सलाईन लावली. आमच्याकडं सलाईन लागल्याशिवाय उपचार झाला असं कुणाला वाटतच नाही. शेवटी आशाताईंनी मानेवरची गाठ बघितली आणि म्हणाल्या, “ह्यांना उद्याच घेऊन चला.”

थुंकी तपासली, काही नाही. पुतण्याच्या वेळी जी तपासणी दोन तासांत निकाल देऊन गेली, ती इथं गप्प बसली. नंतर कळलं, हे एचआयव्हीत नेहमीचं आहे. टीबीत फुप्फुसाला जे पोकळ खड्डे पडतात ते शरीराच्या स्वतःच्या लढाईमुळं पडतात, आणि त्या खड्ड्यांतूनच जंतू थुंकीत येतात. लढायची ताकदच संपलेली असेल तर खड्डे पडत नाहीत, थुंकीत जंतू कमी, आणि आजार मात्र गाठीत, पोटात, कुठंही पसरलेला. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला किती दिवसांचा हे विचारायचं नसतं. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम यातलं एक जरी असलं तरी टीबी शोधायचा असतो. पण वन्सना एचआयव्ही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

आमच्या भागात “अंबाजोगाईला हलवलं”, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, म्हटलं की घरात चूल पेटत नाही. वन्सनाही तिकडंच नेलं. मानेच्या गाठीत सुई घालून पाणी काढलं, ते मशीनवर लावलं, टीबी निघाला. आणि रक्तात एचआयव्ही. समुपदेशक बाईंनी मला खोलीच्या बाहेर बसवलं. मला राग आला, मी तर घरची. पण त्यांनी आधी वन्सना एकटीला सांगितलं, रडू दिलं, मग विचारलं, “बाहेर वहिनी बसल्यात, त्यांना आत घेऊ का? तुम्ही म्हणाल तसं.” वन्स हो म्हणाल्या तेव्हाच दार उघडलं. या सगळ्या सेवेत मला सगळ्यात आवडलेली पाच मिनिटं ती. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं पेशंटच्या संमतीशिवाय सांगायला बंदीच आहे, पण कायदा पाळणं आणि माणसाशी तसं वागणं यात फरक असतो.

टीबीच्या गोळ्या तंतोतंत त्याच. २५ ते ३४ किलोला दोन, म्हणून दोन. एचआयव्हीची गोळी लगेच नाही. आधी टीबीच्या गोळ्या अंगवळणी पडू दिल्या, मग साधारण दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, चालू. ती एकच गोळी, तीन औषधांची : टेनोफोविर, लॅमिवुडीन, डोल्युटेग्रेविर. पण टीबीतलं रिफाम्पिसिन हे डोल्युटेग्रेविरला शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून टीबीचा उपचार चालू आहे तोवर डोल्युटेग्रेविरची आणखी एक गोळी, पहिलीपासून बारा तासांनी. टीबीच्या गोळ्या संपल्यावरही ही जादा गोळी दोन आठवडे चालू ठेवायची. शिवाय दुसरे जंतुसंसर्ग होऊ नयेत म्हणून कोट्रायमोक्साझोल, आणि हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-सहा जीवनसत्त्व. पुतण्या सकाळी तीन गोळ्या घशात टाकून चहा प्यायचा. वन्सच्या हातावर निरनिराळ्या रंगांच्या गोळ्या, दोन वेळा, आणि पोटात अन्न ठरत नाही. टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी घ्या म्हणतात. त्यांना त्या उपाशीपोटी घेतल्या की उमासे यायचे. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, दोन घास भाकरी खाऊन घ्या, पण घ्या.

एआरटी चालू होऊन महिना होत नाही तोच गाठ दुप्पट झाली आणि ताप परत चढला. दीर म्हणाले, औषध लागू पडेना, बंद करा आणि भगताकडं न्या. ह्या टप्प्यावर गोळ्या सुटल्या असत्या. मी वन्सना घेऊन परत गेले. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, ताकद परत यायला लागली की शरीर दडून बसलेल्या जंतूंवर तुटून पडतं, त्यानं सूज येते, औषध काम करतंय म्हणूनच हे झालं. सुजेचं औषध दिलं, गाठ हळूहळू बसली. माझी तक्रार इतकीच की हे महिनाभर आधी सांगता आलं असतं. पुतण्याला लघवीच्या रंगाचं सांगायला सुपरवायझरला अर्धं मिनिट लागलं होतं.

आता खिडक्यांची गोष्ट, ज्यासाठी मी लिहायला बसले.

कागदावर असं आहे की टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या माणसाला दोन्हीची औषधं एआरटी केंद्रातच, एका जागी मिळावीत. पहिल्या महिन्यात मिळाली. नंतर एकदा टीबीच्या पट्ट्या देणारे रजेवर. “तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रातून घ्या.” गावच्या केंद्रात गेलो तर, “तुमचं नाव तिकडं आहे, इथल्या साठ्यातून देता येणार नाही.” दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती, दोन्हीकडं रजिस्टर नीट लिहिलेलं होतं. मध्ये एसटीचा रस्ता होता आणि ३३ किलोची बाई होती. शेवटी आशाताईंनी सुपरवायझरला फोन लावला आणि पट्ट्या घरी आल्या. पुतण्याचा नंबर दुसऱ्या जिल्ह्यात चालतो आणि वन्सचा नंबर एकाच तालुक्यात दोन खिडक्यांमध्ये अडकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आकडे बघितले तर हेच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात २०२१ मध्ये उपचार घेतलेल्या, नेहमीच्या गोळ्यांना दाद देणाऱ्या टीबीच्या शंभर रुग्णांत ८८ जणांचा उपचार यशस्वी झाला. त्यातल्या एचआयव्ही असलेल्यांचा आकडा जवळपास ७९. गोळ्या त्याच असून नऊ माणसांचा फरक. तो फरक मुख्यतः मृत्यूंचा आहे, आणि त्यातले पुष्कळ मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात. म्हणजे औषध हरलं असं नाही, माणूस औषधापर्यंत उशिरा पोचला. वन्सची सीडी-४, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींची मोजणी, शंभराच्या आत होती. ज्या पावसाळ्यात पहिली सलाईन लागली त्याच पावसाळ्यात कुणी बोटातून रक्त घेतलं असतं तर? एचआयव्ही लवकर कळून एआरटी आधी चालू झालेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यताच पुष्कळ कमी होते, आणि झाला तरी तो तगण्याची शक्यता चांगली असते. एआरटी सरकारी दवाखान्यांत २००४ पासून फुकट आहे. म्हणून खाजगीत ताप हटेना झाला की सलाईनच्या आधी तपासणी मागा. मी आता दुकानात येणाऱ्या बायकांना बिनधास्त सांगते.

दुसरा फरक आकड्यात दिसत नाही. पुतण्या माझ्या गल्ल्यासमोर उभा राहून सगळ्यांदेखत गोळ्या खायचा. “काय रे, टीबी का?” “व्हय.” संपलं. वन्सच्या टीबीच्या पट्ट्याही दुकानात चालल्या. पण एआरटीची बाटली कुणाला दिसू द्यायची नाही. लेबल खरवडून काढलं. बाटलीत गोळ्या वाजतात, म्हणून वर कापूस भरला. संध्याकाळची जादा गोळी घ्यायची वेळ म्हणजे दुकानात बायका गप्पा मारायची वेळ. वन्स आत जाऊन घेऊन यायच्या. पाहुणे आले की ती गोळी चुकायची भीती. म्हणून मी रोज शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर विचारायचे, “वन्स, घेतलीत का?” त्या चिडायच्या. मग मी विचारायचं सोडलं नाही, फक्त आवाज बारीक केला.

एका तपासणी केंद्रात (खाजगी, नाव नको) फाइलच्या वरच लाल पेनानं एचआयव्हीचं लिहिलं होतं. ती फाइल हातात धरून वन्सना व्हरांड्यातून चालत जायचं होतं. मी तिथं फाइल उलटी धरली आणि आवाज चढवला. फाइल बदलून दिली, माफी मागितली नाही.

खाण्याच्या पैशाचं : पुतण्याला निक्षय पोषण योजनेतून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, म्हणून वन्सना सहा महिन्यांचे ६०००. रक्कम दोन हप्त्यांत खात्यावर. वन्सचं खातं सासरच्या गावातल्या बँकेत, आधार जोडलेलं नाही, आधारवर लग्नानंतरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं. पहिला हप्ता यायला इतका उशीर झाला की तोवर शेंगदाणे, अंडी, गूळ सगळं माझ्या उधारीच्या वहीत. घरातलंच असल्यानं वही फाडली, पण ज्यांच्या घरात दुकान नाही त्यांनी काय करावं? नाव दाखल करायच्या दिवशीच आधार आणि पासबुक दोन्हींवर एकच नाव आहे का बघून घ्या.

निक्षय मित्र योजनेत कुणी दानशूर शिध्याची पेटी देतात : डाळ, शेंगदाणे, दूध पावडर. पुतण्याला मिळाली, चांगली होती, डाळ माझ्या दुकानातल्यापेक्षा बरी. पण पेटी देताना फोटो काढतात, गळ्यात हार घातलेल्या देणाऱ्यासोबत. वन्स म्हणाल्या, फोटो नको. मग पेटीही राहिली. पेटी आशाताईंकडून पिशवीत घरी आली असती तर काय बिघडलं असतं?

मार्क द्यायचेच तर गोळ्यांना पाचपैकी पाच. तपासणीला पुतण्यासाठी पाच, वन्ससाठी तीन, कारण गाठीपर्यंत पोचायला आशाताईच लागल्या. साठ्याला दोन. समुपदेशक बाई आणि आशाताईंना पाच, आणि आशाताईंच्या मोबदल्यावर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल. दोन खिडक्यांच्या कारभाराला दीड.

वन्सचा उपचार जुलै २०२५ मध्ये संपला. थुंकीत जंतू कधी सापडलाच नव्हता, त्यामुळे ‘बरा’ असा निकाल त्यांच्या कार्डावर लागत नाही, ‘उपचार पूर्ण’ असा लागतो. वजन ४१ झालं, मध्येच त्यांच्याही दोनाच्या तीन गोळ्या झाल्या होत्या. जादा डोल्युटेग्रेविर थांबलं, मूळ एआरटी आयुष्यभर चालू. घरातल्या पोरांची टीबीसाठी तपासणी झाली, कुणाला आजार नाही, प्रतिबंधाच्या गोळ्या चालू केल्या आहेत. सगळ्यात लहानगा गोळी जिभेखाली लपवतो, तोंड उघडून बघावं लागतं.

कुणाला अडलं तर टीबीची हेल्पलाइन १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीची १०९७, दोन्ही फुकट. आम्ही एआरटी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या लिंक केंद्रावर बदलून मागितली आहे, म्हणजे दर वेळी लांब जायला नको. अर्ज घेतलाय. बँकेतला दुसरा हप्ता अजून नाही. तिथं आता केवायसी मागितली आहे, सोमवारी दुकान यांच्यावर सोपवून वन्सना घेऊन जाणार आहे.